भावाने ऑनलाइन पाठवलेली भेटवस्तू खराब निघाली. कंपनी म्हणते ऑर्डर तुमच्या नावावर नाही. मला काही हक्क आहे का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: बंगळुरूच्या दादाने भाऊबीजेसाठी मिक्सर मागवला, तो थेट तुमच्या नाशिकच्या पत्त्यावर आला. तुळशीचं लग्न आटोपल्यावर डबा उघडलात, तर मोटरला जळका वास आणि मोठ्या भांड्याला तडा. कस्टमर केअर म्हणतं, परत करायची दहा दिवसांची मुदत गेली, शिवाय ज्याने पैसे भरले त्यानेच बोलावं. आणि दादाला सांगायचं तुमच्या जिवावर आलंय.

आधी उत्तर देते. हक्क आहे, आणि तो दादाकडून उसना घेतलेला नाही, तुमचा स्वतःचा आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये 'ग्राहक' म्हणजे फक्त पैसे मोजणारा नव्हे. कलम २(७) नुसार, विकत घेणाऱ्याच्या संमतीने ती वस्तू वापरणारी व्यक्तीही ग्राहकच. भावाने बहिणीला भेट दिली, यापेक्षा आणखी कसली संमती हवी? ऑनलाइन खरेदीही त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात नाव घेऊन धरली आहे. पुढे कलम ३५ मध्ये तक्रार कोण करू शकतो ते सांगितलंय. तिथे वस्तू ज्याला विकली तो ग्राहक आहेच, पण ज्याला ती पोचवली तोही आहे. पार्सलवर नाव तुमचं, पत्ता तुमचा. त्यामुळे 'ऑर्डर तुमच्या नावावर नाही' हे वाक्य कस्टमर केअरच्या स्क्रीनपुरतं खरं आहे. त्यांच्या ॲपमध्ये परतीचं बटण दादाच्याच खात्यात दिसतं, ही त्यांची सोय झाली. कायदा नाही.

आता दुसरी गोष्ट, आणि इथे बहुतेकांचा घोटाळा होतो. वस्तू खराब निघणं आणि वस्तू न आवडणं यांत कायद्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. मी शनिवारी एका ग्राहक मार्गदर्शन केंद्रात बसते. दिवाळीनंतर येणाऱ्या भेटवस्तूंच्या तक्रारींतल्या बऱ्याचशा 'रंग भडक आहे', 'आमच्याकडे आधीच एक आहे', 'साइझ होत नाही' अशा असतात. भारतात अशा कारणासाठी वस्तू परत करायचा सरसकट कायदेशीर हक्क नाही. कंपनीने स्वतःहून सात किंवा दहा दिवस दिले असतील तर तेवढेच, तिच्या अटींवर. मात्र जे धोरण तिने जाहीर केलंय ते पाळायला ती बांधील आहे. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांचा यात हमखास गोंधळ होतो, कारण तिथे २०१३ च्या नियमांनुसार ऑनलाइन घेतलेल्या बहुतेक वस्तू मिळाल्यापासून १४ दिवसांत कारण न देता रद्द करता येतात. तोही हक्क खरेदी करणाऱ्याचा, भेट मिळालेल्याचा नाही. लंडनहून भाचा फोनवर 'मावशी, चौदा दिवस असतात' असं ठासून सांगतो, आणि मावशी कोल्हापुरात भारतीय साइटवरून आलेला कुर्ता घेऊन भांडत बसते.

तुमचं प्रकरण मात्र सरळ दोषाचं आहे, आणि तिथे कायदा कंपनीच्या 'रिटर्न विंडो'वर थांबत नाही. ई-कॉमर्ससाठी २०२० साली जे वेगळे नियम आले त्यांत विक्रेत्यावर स्पष्ट बंधन आहे: वस्तू सदोष किंवा बनावट असेल, जाहिरातीत सांगितले तसे गुण तिच्यात नसतील, किंवा कबूल केलेल्या तारखेनंतर ती पोचली असेल, तर परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देता येणार नाही. उशिराच्या बाबतीत एकच सूट आहे, पूर-वादळासारखी हाताबाहेरची आपत्ती. ही उशिराची तरतूद भेटवस्तूंना फार उपयोगी पडते, पण वापरतं कोण? वाढदिवसाचा केक दुसऱ्या दिवशी सकाळी आला तर आपण तो खाऊन मोकळे होतो.

खुद्द कायद्यातही, सदोष माल परत न घेणं, पैसे न देणं याला 'अनुचित व्यापारी प्रथा' म्हटलंय. बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, लिहिलीच नसेल तर ३० दिवसांत. म्हणून बिल बघणं गरजेचं आहे, आणि ते तुमच्याकडे नाही. भेट म्हणून पाठवताना किंमत दिसू नये अशी सोय असते, डब्यात बिल येत नाही. ते दादाच्या ईमेलमध्ये पडलेलं असतं. आता बिलावर खरंच दहा दिवस लिहिले असतील तर कंपनी तेच पुढे करेल. पण दहाव्या दिवशी मोटरचा दोष बरा होत नाही. मिक्सरवर उत्पादकाची वॉरंटी असते, ती या मुदतीपासून वेगळी चालते. शिवाय ग्राहक आयोगाकडे, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींवर निकाल देणाऱ्या न्यायालयासारख्या यंत्रणेकडे, जायला तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं मिळतात. तेव्हा 'मुदत संपली' म्हणजे त्यांच्या ॲपमधलं बटण संपलं, इतकाच अर्थ घ्या. एक मात्र लक्षात असू द्या: वॉरंटी बिलाच्या किंवा डिलिव्हरीच्या तारखेपासून मोजतात, तुम्ही डबा उघडलात त्या दिवसापासून नाही. भेटी माळ्यावर ठेवायची आपली सवय इथे महागात पडते.

यात दादाला वगळता येईल का? प्रामाणिकपणे सांगायचं तर नाही, आणि वगळूही नका. हक्क तुमचा असला तरी पैसे ज्या कार्डावरून किंवा यूपीआयवरून गेले तिथेच ते परत जातात. म्हणजे दादाच्या मोबाइलवर 'रक्कम जमा' असा मेसेज येणारच. तुम्ही न सांगता केलंत तर त्याला ते असं कळेल. पैशांऐवजी दुसरा मिक्सर मागितलात तर हा प्रश्न येत नाही; तुमच्या जागी मी तोच मागितला असता. आमच्या केंद्रात एक बाई आल्या होत्या, जावेने पाठवलेली 'प्युअर सिल्क' पैठणी घेऊन. सुटलेला धागा जाळून बघितला तर प्लॅस्टिकसारखी गाठ झाली. बाईंची अट एकच, जावेला कळता कामा नये. आम्ही म्हटलं, साइटच्या ज्या पानावर 'प्युअर सिल्क' लिहिलं होतं त्या पानाचा स्क्रीनशॉट हवा, ऑर्डरचा तपशील हवा, आणि दोन्ही जाऊबाईंच्या खात्यात. दोन आठवडे गेले त्यांना फोन करायला. तोवर विक्रेत्याने पानावरचा शब्द बदलून 'सिल्क ब्लेंड' करून टाकला होता. नशिबाने जाऊबाईंच्या ऑर्डरच्या ईमेलमध्ये जुनं नाव तसंच होतं, त्यावर काम भागलं. आणि जाऊबाई चिडल्या त्या फसवणाऱ्या विक्रेत्यावर. देणाऱ्याचे पैसे वाया गेलेत, त्याला ते कळायला हवं ना.

तेव्हा आजच दादाकडून तीन गोष्टी मागवा: बिलाची पीडीएफ, ऑर्डर आयडी दिसेल असा स्क्रीनशॉट, आणि 'ही वस्तू मी बहिणीला भेट दिली आहे, याबाबत कंपनीशी तिने बोलावं याला माझी संमती आहे' अशा दोन ओळींचा ईमेल. हा ईमेल कायद्याने सक्तीचा नाही, पण कस्टमर केअरचं तोंड बंद करायला उत्तम.

मिक्सर पुन्हा चालू करून बघू नका, आणि गल्लीतल्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला उघडू तर मुळीच देऊ नका. एकदा स्क्रू हलला की 'ग्राहकाने छेडछाड केली' हे उत्तर तयार असतं. भांड्याच्या तड्याचे, डब्याचे, त्यावरच्या लेबलचे फोटो काढा. सीरियल नंबर दिसला पाहिजे. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ कंपन्या हल्ली मागतात, पण तो नसेल तर तक्रारच करता येत नाही असं कायदा कुठेही म्हणत नाही. तो एक पुरावा, एवढंच. त्याहून वजनदार पुरावा म्हणजे उत्पादकाच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरचं जॉबशीट, म्हणजे तपासणीत काय आढळलं त्याचा कागद. तिथल्या माणसाला शब्दांत लिहायला लावा: मोटर जळण्याचं कारण काय, तडा आधीचा आहे की नंतरचा. तोंडी 'मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट आहे ताई' म्हणतात आणि कागदावर 'चेक्ड' एवढंच खरडतात. तेवढ्यावर सही करून घरी येऊ नका.

मग कंपनीला लेखी तक्रार. कस्टमर केअरच्या चॅटवर नाही. प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावा लागतो. साइटच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत सापडेल. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा, असा नियम आहे. 'आम्ही फक्त प्लॅटफॉर्म, विकणारा वेगळा' असं उत्तर आलं तर घाबरू नका. खरेदीनंतर ग्राहकाने लेखी मागितलं की त्या विक्रेत्याचा पत्ता, ईमेल ही माहिती पुरवणं प्लॅटफॉर्मवर बंधनकारक आहे. ती मागा, आणि पुढच्या प्रत्येक पत्रात दोघांनाही ठेवा. पत्र लांबलचक नको. साधारण असं चालेल:

'ऑर्डर आयडी अमुक, डिलिव्हरी तमुक तारखेला माझ्या नाशिकच्या पत्त्यावर झाली. ही वस्तू माझ्या भावाने मला भेट दिली असून ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(७) नुसार मी ग्राहक आहे. मिक्सरच्या मोटरमध्ये दोष असून भांड्याला तडा आहे. सर्व्हिस सेंटरचं जॉबशीट आणि फोटो सोबत जोडले आहेत. ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार सदोष वस्तू परत घेण्यास नकार देता येत नाही. वस्तू बदलून द्यावी, ते शक्य नसल्यास पूर्ण रक्कम मूळ खात्यात परत करावी, आणि पिकअपचा खर्च आपण करावा.'

उत्तर आलं नाही किंवा उडवाउडवीचं आलं तर १९१५ ला फोन करा. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीतही बोलता येतं. डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, मिळतो, तो जपा. हेल्पलाइन आदेश काढू शकत नाही, ती मध्यस्थी करते. पण मोठ्या कंपन्यांची तिथे वेगळी माणसं नेमलेली असतात आणि चॅटवर महिनाभर अडलेलं काम तिथून हललेलं मी पाहिलंय. लहान, कुणाला माहीत नसलेल्या विक्रेत्यांच्या बाबतीत हा अनुभव इतका चांगला नाही.

तेही फसलं तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग, आणि तोही तुमचा नाशिकचाच. जुन्या १९८६ च्या कायद्यात समोरचा जिथे असेल किंवा व्यवहार जिथे घडला असेल तिथे जावं लागे. नव्या कायद्यात तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार चालते. परदेशातून मुलांनी भेट पाठवलेल्या आईवडिलांना याचा मोठा आधार आहे: भारतीय साइटवरून घेतलेली वस्तू असेल तर कार्ड अमेरिकेतलं असलं तरी तक्रार सांगलीत करता येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील लागत नाही. 'ई-जागृती' पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. निकाल तीन महिन्यांत लागावा, वस्तूची तपासणी लागली तर पाच, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त लागतात, हे धरून चाला. मिक्सरच्या चार-पाच हजारांसाठी तिथवर जायचं की नाही हे तुम्ही ठरवा. माझ्या अनुभवात आयोगात जाणार असल्याची नोटीस स्पीड पोस्टाने गेली की बरीच प्रकरणं तिथेच मिटतात.

दोन फाटे तुमच्या प्रश्नात नाहीत, पण केंद्रात नेहमी विचारले जातात. नाव किंवा फोटो छापलेला मग, उशी, फ्रेम न आवडल्यास परत होत नाही. पण सांगितलं होतं 'सई' आणि छापून आलं 'साई', तर तो कबूल केल्याप्रमाणे नसलेला माल झाला, आणि वरचा नियम त्यालाही लागू. दुसरं, भेट म्हणून गिफ्ट कार्ड. रिझर्व्ह बँकेच्या नियमांखाली येणारी, म्हणजे वेगवेगळ्या दुकानांत चालणारी कार्डं किमान एक वर्ष वैध असावी लागतात, दहा हजारांच्या वरची निघत नाहीत, आणि त्यांचे रोख पैसे मिळत नाहीत. एकाच दुकानाच्या स्वतःच्या कार्डाला मात्र रिझर्व्ह बँकेचे हे नियम लागत नाहीत. तिथे कार्डाच्या मागे काय छापलंय तेच बघायचं.

तक्रारीत मागणी लिहिताना फक्त 'न्याय मिळावा' असं लिहू नका. बदली मिक्सर किंवा त्याची रक्कम, सर्व्हिस सेंटरला जायचा-यायचा खर्च, मनस्तापाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च, असं वेगवेगळं आकड्यांत मागा. न मागितलेलं आयोग सहसा देत नाही.