चित्रमालिका आणि कविता एकाच भिंतीवर

प्रश्न: आमच्या संग्रहालयात एका चित्रकाराची 12 अध्यात्मपर जलरंगचित्रं कवितांसोबत मांडायची आहेत. प्रत्येक चित्राशेजारी कविता लावावी का? प्रकाश किती ठेवावा?

उत्तर: प्रत्येक चित्राला कविता नको. अक्षरं दिसली की नजर आधी तिकडे जाते आणि चित्र मग कवितेचं स्पष्टीकरण होऊन बसतं. 12 चित्रांना तीन-चार कविता पुरेत. त्या चौकटीला खेटून लावू नका. मालिका जिथे वळण घेते तिथल्या मोकळ्या जागेत, चित्रापासून किमान एक मीटरवर असू द्या. लिथुआनियाचे चित्रकार चुर्लिओनिस संगीतकारही होते. 1905-06 मधली त्यांची ‘जगाची निर्मिती’ ही 13 चित्रांची मालिका पाहताना दोन चित्रांमधली रिकामी भिंत किती मोलाची, हे कळतं.

खरी ओढाताण प्रकाशाची. कागदावरच्या जलरंगांना 50 लक्सच्या (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणारा प्रकाश मोजायचं एकक) वर नेऊ नये. प्रकाशाने झालेली हानी साठत जाते, भरून येत नाही: 50 लक्स, रोज 8 तास, 100 दिवस म्हणजे 40,000 लक्स-तास. कविता वाचता येईना म्हणून दालनाचा प्रकाश वाढवणं हा मोह टाळाच. त्याऐवजी फिकट, बिनचकाकीच्या फलकावर गडद अक्षरं घ्या, टाइप 36 पॉइंटच्या आसपास. ओळींमध्ये सढळ अंतर सोडा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. फलकाची रुंदी सगळ्यात लांब ओळीवरून ठरवा. जागेअभावी कवीची ओळ मोडू नका. प्रवेशाच्या बोळात प्रकाश टप्प्याटप्प्याने उतरवलात, तर डोळे सरावतात आणि 50 लक्सही अंधार वाटत नाही.

अक्षरं थेट भिंतीवर चिकटवणार असाल, तर रंग दिल्यावर दोन-तीन आठवडे थांबा. ओल्या रंगावर व्हिनाइल (अक्षरं कापायचं चिकट प्लास्टिक) धरत नाही. आधी गळतात ती अनुस्वाराची टिंबं, आणि ‘मंद’चं ‘मद’ झालेलं कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून जाड वळणाचा टाइप निवडा, जादा टिंबं कापून ठेवा आणि रोज दार उघडण्याआधी मूळ संहिता हातात धरून भिंत वाचा.

प्रश्न: दालनात कवितावाचनाचं ध्वनिमुद्रण लावावं का?

उत्तर: अख्ख्या दालनात नको. ज्याला चित्रापुढे शांत उभं राहायचंय, त्याच्यावर ते लादलं जातं. बाकाशी दोन हेडफोन ठेवा. बाक मात्र असा टाका की ऐकताना समोर चित्रच असेल, फलक नव्हे.