नोव्हेंबरात फुललेली चेरी

प्रश्न : गेल्या नोव्हेंबरात कुमाऊंला गेलो होतो. मुक्तेश्वरच्या चढावर एक झाड नखशिखान्त गुलाबी, पानांचा जवळजवळ पत्ताच नाही. गाडीवाला म्हणाला ‘पय्यां’, सोबतचे म्हणाले चेरी. पण चेरी वसंतात फुलते ना? झाडाचं काही बिघडलं होतं का? आणि फळं खाता येतात का?
– एक वाचक

उत्तर : झाड ठणठणीत आहे. गाडीवाला बरोबर आणि सोबतचेही बरोबर. ती हिमालयातली रानचेरी, प्रूनस सेरासॉइडीस. गढवाल-कुमाऊंत तिला पय्यां म्हणतात, हिमाचलात पाजा. साधारण १,२०० ते २,४०० मीटर उंचीवरच्या जंगलात ती वाढते, आणि पूर्वेकडे पार म्यानमार, थायलंडच्या डोंगरांपर्यंत पोचते. जपानी चेऱ्या थंडी सरल्यावर फुलतात, ही थंडीच्या तोंडावर. म्हणून तर शिलाँगचा चेरी महोत्सव नोव्हेंबरात भरतो.

मी पहिल्यांदा हे झाड पाहिलं तेव्हा फुलांआधी आवाज कानावर आला. अख्खं झाड घुमत होतं. त्या दिवसांत आसपास फुललेलं फारसं काही नसतं, त्यामुळे मधमाश्यांचा सगळा मुक्काम इथेच. झाडाखाली उभं राहून फोटो काढायची माझी काही छाती झाली नाही!

पुढच्या वेळी खोडही बघा. तांबूस, चकचकीत साल आणि तिच्यावर आडव्या रेघा, मनगटात बांगड्या भराव्यात तशा. फुलं नसली तरी यावरून अंदाज येतो. तिकडे हे झाड पवित्र मानतात. लग्नाच्या मांडवाला त्याची डहाळी लागते, आणि सहसा कुणी त्याच्यावर कुऱ्हाड चालवत नाही.

आता एक गंमत. हे झाड तुम्हाला नवं वाटलं, पण नाव कदाचित घरातच असेल. काष्ठौषधींच्या दुकानातलं पद्मकाष्ठ याच झाडाचं लाकूड. चरकसंहितेतल्या वर्ण्य गणात, म्हणजे कांती उजळवणाऱ्या औषधांत, चंदन आणि वाळ्याच्या पंगतीला ‘पद्मक’ बसलंय ते हेच. मला स्वतःला हा धागा जुळायला फार वर्षं लागली.

फळं चैत्र-वैशाखात पिकतात. लहान, लांबट, पिवळ्यावरून लाल होणारी. चव आंबट, मागून तुरट-कडवट. बाजारातल्या चेरीची आठवण काढून तोंडात टाकलंत तर तोंड वाकडं होईल. पक्षी मात्र मिटक्या मारत खातात. गर चाखा, पण आठोळी फोडून आतली बी चावू नका. कडू बदामासारखंच त्यात पोटात गेल्यावर सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं.

बी आणून कुंडीत लावायचा विचार असेल, तर नोव्हेंबरात झाडावर फक्त फुलं असतात. बी हवी तर मे महिन्यात जावं लागेल.