पट्ट्यांवरचा हात काढा

ताई, सप्रेम नमस्कार.

मी नाशिकला, इंदिरानगरमध्ये राहते. आमचे हे ५४ वर्षांचे, सिन्नरला कंपनीत आहेत, रोज स्वतः गाडी चालवत जातात. घोरणं वीस वर्षांपासूनचं. पण उन्हाळ्यात एकदा द्वारकेच्या सिग्नलला स्टेअरिंगवरच डोळा लागला, मागच्यांच्या हॉर्नने जाग आली. मग झोपेची तपासणी केली. तासाला ४१ वेळा श्वास अडकतो किंवा मंदावतो, असा रिपोर्ट आला. डॉक्टरांनी सीपॅप मशीन दिलं, म्हणजे झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारं, त्याला आता महिना झाला. साडेदहाला मास्क लावून झोपतात आणि एक-दोनच्या सुमारास काढून फेकतात. सकाळी मास्क पलंगाखाली सापडतो. विचारलं तर म्हणतात, जीव गुदमरतो, डोळ्यांत वारा जातो. नाकावर लाल वळ उठलाय, तो दाखवतात. हवा गळायला नको म्हणून रोज पट्टे मीच आवळून देते, तरी ही तऱ्हा. मी रात्र रात्र जागी. त्यांना बीपीही आहे. मुलगा पुण्याहून फोनवर ओरडतो, त्याचाही उपयोग नाही. इतक्या हट्टी माणसाला समजवायचं तरी कसं?

– थकलेली वाचक

ताई,

त्यांना काही समजवायचं नाहीये. डोळ्यांत वारा जातो, हे त्यांनी तुम्हाला सांगितलंय. नाकावरचा वळ दाखवलाय. दुखतं कुठे हे बोट ठेवून सांगणाऱ्या माणसाला हट्टी म्हणत नाहीत.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावर मी अडले. ‘रोज पट्टे मीच आवळून देते.’ तुम्ही ते जाता जाता लिहून गेलात. पण वारा, वळ, गुदमरणं आणि पलंगाखालचा मास्क, बहुतेक सगळं त्या एका वाक्यातून निघालंय.

उद्या सकाळी मास्क हातात घ्या आणि खिडकीशी उभ्या राहून बघा. वळ नाकाच्या दांड्यावर आहे, म्हणजे मास्क नाकावर बसणारा किंवा नाक-तोंड दोन्ही झाकणारा असणार. चेहऱ्याला टेकणाऱ्या सिलिकॉनच्या भागाला कुशन म्हणतात. त्याच्या कडेवरून बोट फिरवा. कांद्याच्या पापुद्र्यासारखा एक पातळ पदर हाताला लागेल, आणि त्याच्या मागे, आधाराला, जाड भाग. मशीन सुरू झालं की हवा त्या पातळ पदरामागे शिरते, पदर किंचित फुगतो आणि नाकाच्या, गालाच्या खाचाखोचांत जाऊन बसतो. हवा अडते ती या फुगलेल्या पदराने. पट्ट्यांनी मास्क फक्त जागेवर धरून ठेवायचा असतो. कुकर लावताना शिट्टी होईपर्यंत आपण झाकण दाबून उभ्या राहत नाही, आतली वाफच रिंग घट्ट बसवते. इथेही तसंच आहे.

पट्टा आवळला की तो पातळ पदर जाड भागावर चेपला जातो. त्याला फुगायला जागा राहत नाही, सुरकुती पडते आणि त्या सुरकुतीतून हवा निघते. वरचे पट्टे आवळलेले असले की ती नाकाच्या दांड्याशी निघते, म्हणजे थेट डोळ्यांत. आवाज ऐकून तुम्ही आणखी आवळत असणार, मग आणखी गळत असणार. महिनाभर नाकाच्या एकाच हाडावर तो दाब पडतोय. वळाची कातडी सोलवटली असेल किंवा दाबून लाली जात नसेल, तर तिथे जखम व्हायच्या आत डॉक्टरांना दाखवा.

आणखी एक तपासा. मास्कच्या पुढच्या बाजूला बारीक भोकं किंवा जाळी असते. तिथून सतत हिस्स आवाज करत हवा बाहेर पडते. ती गळती नाही, मास्क तसाच बनवलेला असतो. आपण सोडलेला श्वास तिथूनच बाहेर जातो. तिथे चिकटपट्टी, रुमाल, काहीही लावलं असेल तर आत्ताच्या आत्ता काढा. ‘गळायला नको’ हे तुमच्या इतकं मनात बसलंय, म्हणून मुद्दाम लिहिलं.

मास्क बसवायचा तो झोपून आणि हवा सुरू ठेवून. पलंगावर बसून चापूनचोपून बसवलेला मास्क आडवं झाल्यावर हमखास गळतो, कारण आडवं झालं की गाल आणि जबडा मागे सरकतात. सगळे पट्टे आधी पूर्ण सैल करायचे. त्यांनी नेहमीच्या उशीवर डोकं टेकायचं, मशीन सुरू करायचं, मास्क हाताने नाकावर धरायचा. मग खालचे दोन पट्टे डावे-उजवे सारखे, हलके ओढायचे. नंतर वरचे. पट्ट्याखाली दोन बोटं सहज जायला हवीत. शेवटी मास्क चिमटीत धरून चेहऱ्यापासून अर्धा इंच पुढे ओढायचा आणि अलगद सोडायचा, म्हणजे चेपलेला पदर पुन्हा फुगून नीट बसतो. रात्री कुशीवर वळल्यावर हवा फुसफुसली तरी हेच करायचं, पट्टा ओढायचा नाही. पुष्कळ मशीनमध्ये मास्क नीट बसलाय का हे बघायची सोय असते. ती चालू केली की रात्री लागणारा पूर्ण दाब थोडा वेळ येतो. त्याच दाबावर बसवलं तर रात्री फसगत होत नाही. मिशा दाट असतील, झोपताना तोंडाला तेल किंवा क्रीम लागत असेल, तर सिलिकॉन कितीही आवळलं तरी सरकणारच. तोंड साबणाने धुऊन, कोरडं करून झोपायचं, आणि कुशन रोज सकाळी सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचं. इतकं करूनही गळत असेल तर साइज चुकलाय. मास्क बदलायचा, पट्टे नाहीत.

आता त्यांच्या बाजूने रात्रीचा दीड बघा. खोलीत अंधार, घसा कोरडा पडलेला, तोंडावर काहीतरी घट्ट बांधलेलं. ज्या क्लिपने ते सुटतं तिला त्यांच्या बोटांनी महिनाभरात एकदाही हात लावलेला नाही, कारण रोज ती तुम्ही लावता. अर्धवट झोपेतला माणूस अशा वेळी क्लिप शोधत बसत नाही. जे हाताला लागेल ते ओढतो आणि फेकतो. तुम्ही असतात तर तुम्हीही फेकलं असतं. मास्क आपल्याला एका हाताने काढता येतो हे ज्याच्या बोटांना माहीत असतं, त्याला तो अंगावर असल्याची भीती वाटत नाही.

म्हणून त्यांना आधी मास्क काढायला शिकू द्या. डोळे मिटून, एका हाताने, दहा वेळा. बहुतेक मास्कची नळी पुढच्या बाजूने सुटते. रात्री लघवीला उठायचं असेल तर नुसती नळी काढायची, पट्टे डोक्यावर तसेच, आणि परत येऊन नळी जोडायची. श्वास अडकणाऱ्या माणसाला रात्री लघवीला जास्त वेळा उठावं लागतं, तेव्हा हे उपयोगी पडेल. मास्कला चुंबकाच्या क्लिप असतील आणि त्यांना, किंवा शेजारी झोपणाऱ्या तुम्हाला, पेसमेकर असेल, तर मात्र तो मास्क वापरू नका, दुसरा मागा.

काढता यायला लागला की सवय. ही सवय अंधारात, झोप येत असताना लागत नाही. संध्याकाळी सातला, हॉलमध्ये, त्यांच्या खुर्चीत, टीव्ही सुरू असताना लागते. पहिले दोन-तीन दिवस मशीन सुरू करून मास्क नुसता हाताने नाकावर धरायचा, पट्टे नाहीत. तोंड मिटून नाकाने श्वास, पाच-दहा मिनिटं. कंटाळा यायला लागला की पुढची पायरी. पट्टे त्यांनी स्वतः लावायचे, वीस मिनिटं. मग बातम्या आणि एक मालिका संपेपर्यंत तासभर. मग रविवारी दुपारी जेवणानंतरची झोप मास्क लावून. एखाद्या पायरीवर धाप लागल्यासारखं झालं तर एक पायरी मागे यायचं, त्यात कमीपणा नाही. रात्रीचा वापर मात्र या काळात बंद करायचा नाही, जितका वेळ राहील तितका.

गुदमरण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते ऐकून बऱ्याच जणांना नवल वाटतं. मशीनचा दाब सुरुवातीला मुद्दाम कमी ठेवलेला असतो आणि तो हळूहळू चढतो. हा सुरुवातीचा दाब मशीनच्या मापात ४ इतकाच असला की अनेकांना हवा पुरत नाही असं वाटतं. गुदमरतो म्हटल्यावर आपल्याला वाटतं, दाब जास्त झाला. यांना कदाचित कमी पडत असेल. डॉक्टरांनी तो ५ किंवा ६ केला की फरक पडू शकतो. श्वास सोडताना दाब थोडा उतरवायचीही सोय बऱ्याच मशीनमध्ये असते. ही सेटिंग मुलाने व्हिडिओ बघून करायची नाहीत, डॉक्टरांकडूनच करून घ्यायची. त्यांच्याकडे जाताना मशीन सोबत न्या. रोज किती तास वापरलं, किती गळलं, मास्क असताना तासाला किती वेळा श्वास अडकला, सगळं त्यात नोंदलेलं असतं. तो शेवटचा आकडा ५ च्या खाली यायला हवा. तपासणीत, मास्कशिवाय, तो ४१ होता.

आणि दोन वाजेपर्यंत लावतात ना, तेवढं पुरे, असं त्यांना वाटू देऊ नका. स्वप्नांची झोप पहाटेकडे जास्त असते, त्या झोपेत अंगाचे स्नायू सैल पडतात आणि पुष्कळांचा श्वास त्याच वेळी सर्वांत जास्त अडकतो. म्हणजे नेमके वाईट तास ते मास्कशिवाय काढताहेत. मध्ये काढला गेला तरी जाग आली की परत लावायचा, एवढंच त्यांना सांगून ठेवा. एकदाच.

घसा रोज कोरडा पडत असेल तर नाकावरच्या मास्कमध्ये तोंड उघडं राहून हवा तोंडाने निसटत असेल. आधी नाक चोंदलेलं आहे का ते बघा. मशीनला हवा दमट करणारी पाण्याची टाकी असेल तर ती वापरा, पण पाणी मेडिकलमधून आणलेलं डिस्टिल्डच. गंगापूर धरणाचं पाणी प्यायला कितीही गोड असलं तरी टाकीत पांढरे थर धरतं. रोज उरलेलं ओतून टाकायचं, टाकी विसळून कोरडी करायची. थंडीत निफाडचा पारा उतरला की आपल्याकडच्या खोल्याही गारठतात, मग उबदार हवेतली वाफ नळीत थंड होऊन पाणी साचतं आणि पहाटे नळी गुडगुड करत नाकात थेंब उडवते. मशीन बिघडलेलं नसतं. नळी पांघरुणाच्या आतून घ्या, मशीन पलंगापेक्षा खाली ठेवा, ओलावा एका आकड्याने कमी करा. वीज गेली तर इन्व्हर्टरवर चालतं. पाणी तापवायलाच जास्त वीज लागते, तेव्हा टाकीची हीटिंग बंद ठेवली की बॅटरी बराच वेळ पुरते.

बीपीच्या गोळ्या आहेत तशाच चालू. झोपेची गोळी आणि झोपण्याआधीची दारू, दोन्ही नको, त्याने घसा आणखी सैल पडतो. आणि हे सगळं मार्गी लागेपर्यंत सिन्नरला त्यांनी स्वतः गाडी चालवायची नाही. कंपनीची बस, नाहीतर कुणाच्या तरी शेजारी बसून. द्वारकेला निदान गाडी थांबलेली होती. यात मी काही ऐकून घेणार नाही, आणि तुम्हीही घेऊ नका.

मुलाला सांगा, फोनवर ओरडणं बंद. बाबांशी मॅचबद्दल बोल म्हणावं, मशीनबद्दल नको.

तुमच्याबद्दल एवढंच. वीस वर्षं तुम्ही अंधारात कान लावून पुढच्या श्वासाची वाट बघितलीय, हे तुम्ही लिहिलं नाहीत तरी कळतं. म्हणूनच पट्टा हातात आला की तो आवळला जातो. पण श्वास मोजायचं काम आता मशीन करतंय आणि सकाळी हिशोबही देतंय. तुम्हाला झोपायला हवं.

आज रात्री साडेदहाला सगळे पट्टे टोकापर्यंत सैल करून मास्क त्यांच्या हातात द्या. कसा बसवायचा ते वर लिहिलंय, ते त्यांना वाचू द्या. मग खोलीबाहेर जा आणि दार ओढून घ्या. दहा मिनिटं. आतून हिस्स आलं, फुसफुसलं, मास्क खाली पडल्याचा आवाज आला, तरी त्यांनी हाक मारल्याशिवाय आत जायचं नाही.