चारचौघांत मोबाईल मोठ्याने लावणाऱ्याला न दुखावता कसं सांगावं?

प्रवासात, दवाखान्यात, रांगेत शेजारचा माणूस मोबाईल स्पीकरवर लावून बसतो. सांगावं तर भांडणाची भीती आणि गप्प बसावं तर डोकं उठतं, असं तुम्ही लिहिलंय. माझं मत स्पष्ट आहे. सांगावं, आणि राग यायच्या आधी सांगावं. अर्धा तास दातओठ खात बसलेल्या माणसाच्या तोंडून "जरा आवाज कमी करा" हे चार शब्दसुद्धा अंगावर आल्यासारखे निघतात. समोरच्याला तुमचा तो अर्धा तास माहीतच नसतो. त्याच्या दृष्टीने तुम्ही एकदम खेकसलात, म्हणून तोही खेकसतो.

बहुतेक वेळा त्या माणसाला आपला त्रास होतोय याची खरोखरच कल्पना नसते. फोनवर मोठ्याने बोलणाऱ्यांचंच बघा. जुन्या लँडलाइनच्या रिसिव्हरमध्ये आपण बोललेलं थोडंसं आपल्याच कानात परत येईल अशी मुद्दाम सोय केलेली असायची. तिला साइडटोन म्हणतात. आपण किती जोरात बोलतोय याचा अंदाज त्यामुळे बोलताना आपोआप यायचा. मोबाईलमध्ये तो परत येणारा आवाज बऱ्याचदा फार क्षीण असतो. त्यात भोवती गोंगाट असला की माणसाचा आवाज नकळत चढतो. एत्येन लोंबार नावाच्या फ्रेंच कानाच्या डॉक्टरांनी 1911 मध्ये याची नोंद केली आणि आजही हा परिणाम त्यांच्याच नावाने ओळखला जातो. म्हणजे धावत्या गाडीत ओरडून बोलणारा माणूस उद्धट असेलच असं नाही, त्याचा आवाज गाडीने चढवलेला असतो.

व्हिडिओ लावून बसणाऱ्यांची कारणं वेगळी. कुणाचे इयरफोन चार्ज नसतात, कुणाला मुळात कमी ऐकू येतं, कुणी एकटं असतं आणि आवाजाने सोबत वाटते. यातलं काय आहे ते बघून कळत नाही, म्हणून मी प्रत्येक वेळी मनात संशयाचा फायदा देऊनच बोलायला जाते.

आता तुमचं डोकं का उठतं, तेही सांगते, कारण "मीच जास्त चिडचिडी आहे का?" असंही तुम्ही विचारलंय. नाही. मोबाईलच्या एवढ्याशा स्पीकरमधून खर्जातले सूर नीट निघत नाहीत. उरतो तो वरच्या पट्टीतला कर्कश भाग. साधारण 2 ते 5 हजार हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांच्या, पट्ट्यात माणसाचा कान सगळ्यात तीक्ष्ण असतो, आणि हा आवाज नेमका तिथेच टोचतो. शिवाय छोटे व्हिडिओ एकामागून एक सरकत असतात. गाण्याचा तुकडा, मग कुणाचं तरी हसणं, मग बातमी, पुन्हा तेच गाणं. कानाला सवय होते न होते तोच आवाज बदलतो. फोनवरच्या बोलण्यावर तर प्रयोगच झालाय. मानसशास्त्रज्ञ लॉरेन एम्बरसन आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये दाखवलं, की दोन्ही बाजूंचा संवाद कानावर पडला तर कामातलं लक्ष विशेष ढळत नाही. एकाच बाजूचं बोलणं ऐकू आलं की मात्र ढळतं. पलीकडचा काय म्हणाला असेल, याचा अंदाज मेंदू बांधत बसतो.

या हिशेबाने स्पीकरवरचा फोन कमी त्रासाचा वाटायला हवा, कारण तिथे दोन्ही बाजू ऐकू येतात. मला तो उलट जास्त खटकतो, आणि त्याचं कारण पलीकडचा माणूस. आपलं बोलणं अख्खा डबा ऐकतोय हे त्या बिचाऱ्याच्या गावीही नसतं. मी अनोळखी बाईंचा तपासणीचा रिपोर्ट ऐकलाय, एका मुलाच्या ठरत आलेल्या लग्नातली कुरबुर ऐकलीये, बँकेतून आलेला कोड आकडा-आकडा करून वाचून दाखवलेला ऐकलाय. शेजाऱ्यांच्या कानांपेक्षा या पलीकडच्या माणसाची मला जास्त काळजी वाटते. नाइलाजाने स्पीकर लावावा लागलाच, तर "तू स्पीकरवर आहेस, आजूबाजूला माणसं आहेत" हे पहिलं वाक्य असायला हवं. एवढं तरी आपण त्याचं देणं लागतो.

सांगायचं कसं? दवाखान्याच्या बाहेर आम्ही नंबर लागायची वाट बघत होतो. आई भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून बसली होती. समोरच्या बाकावर एक गृहस्थ फोन हातभर लांब धरून व्हिडिओ बघत होते. मी जागेवरून हाक मारली नाही. उठले, त्यांच्या शेजारी जाऊन जरा वाकले आणि हळूच म्हटलं, "काका, आईचा आत्ताच डोळा लागलाय. आवाज थोडा कमी कराल का?" त्यांनी आधी आईकडे बघितलं, मग फोनकडे, आणि अंगठ्याने आवाज पार शून्यावर नेला. "अहो, माझ्या लक्षातच आलं नाही," म्हणाले. मी "थँक्यू काका" म्हणून जागेवर आले आणि पुन्हा त्यांच्याकडे बघितलं नाही.

यातली प्रत्येक गोष्ट मी मुद्दाम करते. जवळ जाते, कारण लांबून सांगितलं की दहा जण माना वळवतात आणि मग माणूस आवाजासाठी नाही, अब्रूसाठी भांडतो. "बंद करा" म्हणण्याऐवजी "कमी कराल का" म्हणते, म्हणजे निर्णय त्यांच्याच हातात राहतो. नंतर टक लावून पाहत नाही. पाहिलं तर विनंतीचा पहारा होतो.

आणि कारण सांगते. मानसशास्त्रज्ञ एलेन लँगर आणि सहकाऱ्यांनी 1978 मध्ये झेरॉक्स मशीनपाशी एक प्रयोग केला होता. "पाच पानं आहेत, मी आधी काढू का?" एवढंच विचारलं तेव्हा शंभरातल्या सुमारे 60 जणांनी पुढे जाऊ दिलं, "घाई आहे म्हणून" हे जोडल्यावर सुमारे 94 जणांनी. छोट्या विनंतीला तर "प्रती काढायच्यात म्हणून" असलं पोकळ कारणही जवळपास तितकंच चाललं. वीस पानांच्या मोठ्या विनंतीला मात्र पोकळ कारणाचा उपयोग झाला नाही. आवाज कमी करायला सांगणं ही छोटीच विनंती आहे, तेव्हा "मला एक फोन घ्यायचाय", "डोकं दुखतंय" एवढं पुरतं. कारण खरं असावं, इतकंच.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका: गुपचूप त्या माणसाचा व्हिडिओ काढून कुठेतरी टाकणं. आवाजाचा त्रास तो माणूस गाडीतून उतरला की संपतो. हसू झालेला चेहरा वर्षानुवर्षं फिरत राहतो, आणि तो कदाचित कमी ऐकू येणाऱ्या कुणाच्या तरी आजोबांचा असतो. हे मला सरळसरळ दुष्टपणाचं वाटतं.

ऐकणार नाहीत असेही भेटतील. "तुम्हाला त्रास होत असेल तर तुम्ही उठा" असं मला सुनावलं गेलंय. तिथे दुसऱ्यांदा सांगायला जाऊ नका. कंडक्टर, नर्स, काउंटरवरचे कर्मचारी, जे कुणी ड्युटीवर असतील त्यांना सांगा. सगळ्यांना सांगायचा अधिकार त्यांना असतो आणि त्यांचं बोलणं कुणी मनाला लावून घेत नाही. तसं कुणीच नसेल, किंवा माणूस प्यायलेला, अंगावर धावून येणारा वाटला, तर सरळ जागा बदला.