बोलेरोवर सीबी रेडिओचा अँटेना: दांड्याआधी बैठक आणि केबल पाहा

तुम्ही बोलेरोतल्या सीबी रेडिओसाठी (सिटिझन्स बँड, म्हणजे गाडीतून दुसऱ्या गाडीशी बोलायचा सेट) असा अँटेना विचारलाय की जो जबलपूर रोड आणि समृद्धीवर टिकेल, मागच्यासारखा पावसाळ्यात जाणार नाही. स्टेनलेस स्टीलचा, तळाशी कॉइल असलेला, सव्वा ते दीड मीटरचा दांडा घ्या. 27 मेगाहर्ट्झला पूर्ण पाव-तरंगाचा (तरंगलांबीच्या चौथ्या भागाइतका) दांडा पावणेतीन मीटर होतो, तो गाडीवर पेलवत नाही. कॉइल ती उरलेली लांबी भरून काढते. फार आखूड, अर्ध्या मीटरचे दांडे दिसायला छान, पल्ला मात्र कमी. फायबरग्लासचा दांडा ट्रकच्या आरशाच्या ब्रॅकेटवर ठीक. पण नागपूरच्या उन्हात वरचं आवरण तडकलं की पाणी आत शिरतं आणि पावसात ट्यूनिंग हलतं.

अँटेना गेला असं लोक म्हणतात तेव्हा दांडा बहुतेक वेळा शाबूत असतो. गेलेली असते ती बैठक (दांडा गाडीला धरून ठेवणारा तळ) नाहीतर केबलचं टोक.

समृद्धीवर ताशी 120 ने जायचं असेल तर लहान चुंबकाची बैठक नको. निदान 12 सेंटीमीटर व्यासाचं चुंबक, छताच्या मधोमध. पत्र्याचं छतच अँटेनाचा अर्धा भाग असतो, म्हणून कडेला लावलात तर एका दिशेला जास्त, दुसरीकडे कमी ऐकू जाईल. चुंबक अधूनमधून उचलून खालची धूळ पुसा. ती रंग घासते आणि मग गंज धरतो. कायमचं काम हवं तर छताला भोक पाडून बैठक बसवा. त्याला तोड नाही, फक्त वॉशरखाली रंग खरवडून उघडा पत्रा लागला पाहिजे. दाराच्या किंवा आरशाच्या ब्रॅकेटवर लावलात तर बिजागरीवर भरवसा नको, दारापासून बॉडीपर्यंत जाळीदार तांब्याची पट्टी टाका. दांडा काढून मल्टीमीटरने तपासा: बैठकीचं बाहेरचं अंग ते चासी एक ओमच्या आत, मधली पिन ते बाहेरचं अंग पूर्ण तुटक, म्हणजे काहीच जोड नको. दांडा लावून मोजलंत तर काही कॉइल शॉर्ट दाखवतात, घाबरू नका.

अँटेनापासून सेटपर्यंतची केबल आरजी-8एक्स प्रकारची घ्या, आरजी-58 पण चालते. दारात चेपली की आतला थर दबतो, म्हणून रबराच्या मऊ बाजूने आणा. केबलच्या टोकाचा प्लग, पीएल-259, नीट सोल्डर करा. बाहेरच्या जोडावर आपोआप चिकटणारी रबर टेप ताणून गुंडाळा, त्यावर काळी टेप. नुसत्या काळ्या टेपचा गोंद मे महिन्यात वितळून वाहतो.

आता ट्यूनिंग. परदेशी पुस्तिकांत चॅनल 1 आणि 40 वर मोजायला सांगतात. भारतात विनापरवाना मुभा 26.957 ते 27.283 मेगाहर्ट्झ आणि 5 वॅटपर्यंत आहे, म्हणजे 27 नंबरच्या पुढचे चॅनल बाहेर पडतात. त्यामुळे 1 आणि 27 वर मोजा. (त्या नियमातली अँटेनाबद्दलची अट आणि सेटची मान्यता खरेदीआधी पाहून घ्या.) मोकळ्या जागेत, दारं बंद ठेवून एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते त्याचं माप, कमी तितकं चांगलं) मीटरवर घ्या. 27 वर जास्त आला तर दांडा लांब आहे: स्क्रू सैल करून पाच-पाच मिलिमीटर खाली घ्या. 1 वर जास्त आला तर वर काढा. दोन्हीकडे 1.5 च्या आत आला की पुरे. दोन्हीकडे 3 च्या वर असेल तर दांडा कापू नका. दोष अर्थिंगचा किंवा केबलचा आहे, आणि तशात बटण दाबून बोलत राहिलात तर सेटचा फायनल ट्रान्झिस्टर (सिग्नल अँटेनाकडे पाठवणारा शेवटचा भाग) जातो.

बोलेरोवर दीड मीटरचा दांडा म्हणजे जमिनीपासून साडेतीन मीटरच्या आसपास. तळघरातल्या पार्किंगसाठी आडवी पडणारी बैठक घ्या.