घरात पाच जणांचे दात खराब आहेत, सगळ्यांचं एकदम परवडत नाही, आधी कुणाचं करावं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा ७ वर्षांचा, खालची दाढ किडलीय. बायकोला पाचवा महिना, ब्रश केला की रक्त येतंय. वडील ५५ चे, शुगर आहे, दात हलायलेत. आजीला कवळी बसत नाही. आणि २० वर्षांच्या भावाबद्दल तुम्ही अगदी शेवटी लिहिलंय की त्याला तसा काही त्रास नाही, फक्त तिखट झोंबतं आणि पुड्या खातो. हे सगळं बोअरच्या पाण्यानं झालं की वयाप्रमाणे होतच असतं, आणि सुरुवात कुणापासून करावी, असं विचारलंय.

मी दातांची डॉक्टर आहे, औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) शासकीय दंत महाविद्यालयात शिकले आणि बीड जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी १७ वर्षं झाली क्लिनिक चालवते. माझं उत्तर आधीच सांगून टाकते. आधी भाऊ. मग मुलगा आणि बायको एकाच आठवड्यात. मग वडील, पण त्यांची शुगर आजच तपासायला टाका. आजी सगळ्यात शेवटी. तुम्ही बहुतेक उलटं ठरवलं असणार, कारण आपल्याकडं ज्याचं दुखतंय त्याला आधी न्यायचं अशीच रीत आहे आणि भावाचं तर काहीच दुखत नाही.

म्हणूनच आधी भाऊ. विशीतल्या पोराला ठेचा झोंबायला लागला, भाजीचं तिखट सहन होईना झालं, गाल आतून पांढुरके आणि कडक लागायला लागले की मला धडकी भरते. सुपारीनं गालाच्या आतली कातडी हळूहळू आखडत जाते आणि तोंड उघडणं कमी होतं. त्याला आज रात्री जेवायला बसायच्या आधी सांगा, तोंड पूर्ण उघड आणि स्वतःची तीन बोटं, पहिलं मधलं आणि करंगळीशेजारचं, उभी एकावर एक ठेवून समोरच्या वरच्या आणि खालच्या दातांमध्ये घाल. तीन आरामात गेली तर बरं. दोनच गेली तर दुसऱ्या दिवशी दवाखाना. २०१२ पासून राज्यात गुटख्याला बंदी आहे पण टपरीवर सुपारीची पुडी वेगळी आणि तंबाखूची वेगळी मिळते, पोरं दोन्ही तळहातावर एक करतात आणि म्हणतात मॅडम मी गुटखा नाही खात. अहो तेच ते. आणि नुसती सुपारी, बिनतंबाखूची असली तरी हा आजार करते, हे पोरांना कुणी सांगतच नाही. एकदा गाल आखडले की पहिल्यासारखे पूर्ण मोकळे होत नाहीत, औषधं इंजेक्शन व्यायाम यांनी थोडं उघडतं, आणि पुढं जाऊन तिथंच कॅन्सर व्हायचा धोका राहतो. सुपारी आज बंद केली तर जिथं आहे तिथं थांबायची आशा असते. त्याला तपासायला खर्च जवळजवळ काहीच नाही, म्हणून पैशाची वाट बघायचं कारणच नाही. तोंडात कुठंही जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही तर तोही दाखवायचा, हे घरातल्या सगळ्यांनाच लागू आहे.

आता मुलगा. तुम्ही लिहिलंय 'दुधाची दाढ आहे, पडणारच आहे'. हे मला रोज ऐकू येतं आणि रोज मी लेकराचं तोंड उघडून आईलाच बॅटरी धरायला लावते. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागं, एकही दात न पाडता, गुपचूप एक नवी दाढ येते. कायमची. आयुष्यभराची. दात पडला नाही म्हणून घरच्यांना वाटतं ही पण दुधाचीच. तुम्ही आज मोजा, मधल्या रेषेपासून मागं जाताना सहावा नंबर किडलेला असेल तर ती तीच. आणि चौथा-पाचवा असेल, म्हणजे खरंच दुधाची, तरी ती १० ते १२ वर्षांपर्यंत तोंडात राहायची असते, तिनंच खालून येणाऱ्या दाताची जागा धरून ठेवलेली असते, लवकर काढली की मागची दाढ पुढं सरकते आणि मग दात वेडेवाकडे येतात.

यात माझी स्वतःची एक चूक आहे ती सांगते. सुरुवातीच्या वर्षांत, दसऱ्यानंतर, ऊसतोडीला जायच्या गडबडीत एक बाई ७ वर्षांची पोरगी घेऊन आली. मुकादमाकडून उचल घेतलेली, चार दिवसांनी टोळी निघणार. पोरीच्या त्या सहा नंबरच्या दाढेत ज्वारीचा दाणा बसेल एवढा खड्डा, पण कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत गेली नव्हती. मी तात्पुरतं सिमेंट भरलं, लवंगेच्या तेलाचा वास येतो ते, आणि सांगितलं पंधरा दिवसांनी या, पक्कं भरू. बाई म्हणाली, "बाई, आम्ही आता गुढीपाडव्यालाच." मी ऐकलं पण डोक्यात घेतलं नाही. पाडव्यानंतर ती आली तेव्हा पोरीचा गाल सुजलेला, सिमेंट कधीच निघून गेलेलं, दाढ हिरडीपर्यंत तुटलेली. कारखान्यावर कोपीत (पाचटाच्या झोपडीत) राहून ती पाच महिने दुखलं की मेडिकलवरची गोळी, आणि गोळीनं भागेना तेव्हा आज्जीनं सांगितल्याप्रमाणे दाढेत मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड. आठव्या वर्षी कायमची दाढ काढावी लागली.

तेव्हापासून मी दिवाळीच्या आधी कुणालाच पंधरा दिवसांनी या म्हणत नाही. त्याच दिवशी हातानं कीड खरवडून ग्लास आयोनोमर भरते, ते दाताला चिकटून बसतं आणि हळूहळू फ्लोराईडही सोडतं. लाईट नसली मशीन नसली तरी होणारी ही पद्धत १९८० च्या दशकात टांझानियाच्या खेड्यांत सुरू झाली, आणि २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ग्लास आयोनोमर अत्यावश्यक औषधांच्या यादीतही घेतलं. त्याच यादीत सिल्व्हर डायअमाईन फ्लोराईड म्हणून एक औषध आहे, ते नुसतं लावलं तरी कीड बहुतेक वेळा थांबते, पण ती जागा काळी पडते, आयांना ते आवडत नाही, मागच्या दाढेला मात्र काय फरक पडतो. तुमच्या डॉक्टरांना दोन्हीबद्दल विचारा. आणि तुमच्यापैकी कुणाला कामासाठी गाव सोडायचं असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा, डॉक्टरनं विचारलं नाही तरी सांगा. उपचार कोणता करायचा हे खड्ड्याच्या खोलीएवढंच तुम्ही परत कधी येणार यावर ठरतं.

कीड वाढली आणि आतल्या नसेपर्यंत गेली तर ७ वर्षांच्या लेकराचं रूट कॅनल मोठ्या माणसासारखं होत नाही, कारण दाढ वर आली तरी मूळ पूर्ण व्हायला पुढं जवळजवळ तीन वर्षं लागतात, टोक उघडं असतं. म्हणून आत्ता भरून घेणं आणि सहा महिन्यांनी भरणं यात खर्चाचा फरक कितीतरी पटींचा आहे. आणि घरात एवढंच करा, बिस्कीट-गोळ्या काय द्यायच्या त्या जेवणाबरोबर एकदाच द्या. गोड खाल्लं की त्यानंतर साधारण अर्धा तास तोंडात आम्ल राहतं, पोरगं दिवसभर थोडं थोडं खात राहिलं की दाताला उसंतच मिळत नाही. रात्री झोपायच्या आधीचा ब्रश तुम्ही स्वतः करून द्या, वाटाण्याएवढी पेस्ट, फ्लोराईडची.

आता पाणी, कारण तुमचा सगळा राग बोअरवर दिसतोय. आपल्याकडं दुष्काळात बोअर खोल खोल जात राहिले आणि काही ठिकाणी पाण्यात फ्लोराईड जास्त निघतं हे खरं आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरी सोयच नसेल तर दीडपर्यंत चालवून घेतात. पण त्यानं दाताला कीड लागत नाही आणि वडिलांचे दात हलत नाहीत. त्यानं होतं ते असं की दात हिरडीच्या आत तयार होत असतात त्या वयात, साधारण आठ वर्षांच्या आत, जास्त फ्लोराईडचं पाणी पोटात गेलं की पुढं दात पांढऱ्या खडूसारखे, मग पिवळे-तपकिरी डागांचे येतात. मोठेपणी कितीही प्यालात तरी दाताला डाग पडत नाहीत (हाडांचं वेगळं). तेव्हा मुलाच्या समोरच्या नव्या दातांवर असे पट्टे दिसले तर पाणी तपासून घ्या, जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षणाची प्रयोगशाळा असते, ग्रामपंचायतीतनं नमुना पाठवता येतो. आणि उकळून फ्लोराईड जात नाही, उलट पाणी आटून वाढतं, त्याला आरओसारखं फ्लोराईड काढणारं काहीतरी लागतं.

बायकोचं आत्ताच का, तर पाचवा महिना आहे म्हणून. चौथा ते सहावा हा दातांच्या कामाला सगळ्यात सोयीचा काळ, नंतर खुर्चीवर उताणं झोपणंच जड जातं. रक्त येतंय ते गरोदरपणात हिरड्या नाजूक होतात आणि त्यात दातावर किटण साचलेलं असतं म्हणून. साफ करून घ्यायचं, बस. साफ केल्यानं दात सैल होत नाहीत, आधीच हाड गेलेलं असतं आणि किटणानं ते झाकलेलं असतं, किटण निघालं की माणसाला ते कळतं एवढंच. लागलंच तर बधीर करायचं इंजेक्शनही देता येतं, पण गरोदर आहे हे आधी सांगायचं, आणि मेडिकलवरनं दुखायची गोळी स्वतःच्या मनानं अजिबात आणायची नाही. लेकरू आईच्या दातातलं कॅल्शियम ओढून घेतं, 'एक बाळंतपण एक दात' असं सासवा सांगतात, तसं काही नसतं. दात जातात ते 'बाळंतपण होऊ दे मग बघू' म्हणण्यानं. बाळंतपण होतं, ती माहेरी जाते, सव्वा महिना होतो, लेकरू अंगावर पितं, आणि ती माझ्याकडं येते तेव्हा लेकरू बालवाडीत असतं आणि तिच्या दोन दाढा काढायच्या असतात. आमच्या भागात उलट दिशेनं रांग लागते, आधी लेकराचं, मग मालकाचं, मग सासू-सासऱ्याचं आणि उरलं तर तिचं. तुम्ही तिचं नाव स्वतःहून लिहिलंत, मला खरंच बरं वाटलं.

वडिलांचे दात हलायलेत म्हणून काढून टाकायची घाई करू नका. तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीएवनसी, आधी करा. शुगर वाढलेली असली की हिरड्यांत पू होतो, आणि हिरड्यांतला पू शुगर खाली येऊ देत नाही, दोन्ही बाजूनं चालतं ते. हिरड्यांची खोल सफाई केली की कधी कधी शुगरलाही थोडा उतार पडतो, आणि काही हलणारे दात बऱ्यापैकी घट्ट होतात. ते तंबाखू मळत असतील तर अजून एक, तंबाखूनं हिरडीतल्या रक्तवाहिन्या आखडतात म्हणून कधी कधी रक्त कमी येतं आणि माणूस म्हणतो माझ्या हिरड्या एकदम चांगल्या. त्यांच्या सगळ्या गोळ्यांचं पाकीट दवाखान्यात घेऊन जा. बीपीच्या काही गोळ्यांनी, ॲमलोडिपिन त्यातलीच, हिरड्या फुगतात. रक्त पातळ करायची गोळी असेल तर दात काढायच्या आधी मनानंच बंद करायची नाही, जीवावर बेतू शकतं.

आजी शेवटी म्हटलं ते त्या कमी महत्त्वाच्या म्हणून नाही. दात गेले की खालच्या जबड्याचं हाड वर्षानुवर्षं झिजत जातं, म्हणून दहा वर्षांपूर्वीची कवळी आज तरंगणारच, त्यात कवळी करणाऱ्याचा दोष नाही. नवी करायला चार-पाच चकरा लागतात आणि तेवढी घाई नाही, एवढंच. पण त्या भाकरी दुधात कुस्करून खात असतील तर डाळ, अंडं, शेंगदाण्याचा कूट असं मऊ काहीतरी रोज पोटात जाऊ द्या. कवळी रात्री काढून पाण्यात ठेवायची. आणि त्या मिश्री लावत असतील, माझी आई लावायची, तिलाही विशीत दाढ दुखली तेव्हा शेजारणीनं पहिल्यांदा दिली होती आणि मग ४० वर्षं सुटली नाही, तर कवळीखाली आणि ओठाच्या आत बॅटरीनं बघून घ्या.

पैशाचं म्हणाल तर दाढ काढायला एक-दोन दिवसांची मजुरी जाते आणि रूट कॅनल करून कॅप बसवायची तर पंधरा दिवसांची, म्हणून लोक काढूनच टाकतात, मी त्यांना दोष देत नाही. पण भरणं, साफ करणं, काढणं हे उपजिल्हा रुग्णालयात आणि बऱ्याच ग्रामीण रुग्णालयांत दातांचे डॉक्टर असतात, तिथं होतं. रूट कॅनल, कवळी, भावाच्या तोंडाचं हे सगळं संभाजीनगरच्या शासकीय महाविद्यालयात कमी पैशात होतं, वेळ जातो, सकाळी लवकर पोचावं लागतं. मुलाच्या शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यात दातही बघतात, त्या दिवशी त्याला घरी ठेवू नका.

भावाच्या तोंडात किती बोटं गेली ते उद्या मला इथंच लिहून कळवा.