पन्हाळ्याच्या चढासाठी रोड बाईकला कोणता व्हीलसेट (चाकांची जोडी) घ्यावा? 50 मिमी खोल कार्बन रिम चालेल का?

तुमची सायकल रिम ब्रेकची, 11 स्पीडची (मागे 11 गिअर). वजन 82 किलो, बजेट तीस-पस्तीस हजार. रविवारी जोतिबा-पन्हाळा आणि अधूनमधून गगनबावडा. एवढी माहिती तुम्ही दिलीत म्हणून ठामपणे सांगतो: कार्बन नको. अलॉय, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची रिम घ्या, आणि पैसे हब (चाकाचा मधला तुंबा) व स्पोक (तारा) यांत घाला.

कार्बन वाईट असतं असं नाही. डिस्क ब्रेकच्या सायकलीला मी अडवलं नसतं. पण तुमच्या सायकलीला ब्रेक रिमवरच लागतो. करूळ घाट उतरताना वळणावळणाला ब्रेक दाबावा लागतो, रिम तापते. अ‍ॅल्युमिनियम ती उष्णता पटकन सोडतं. कार्बनमध्ये ती एकाच जागी साठते आणि स्वस्तातल्या रिमचं रेझिन (कार्बनचे धागे धरून ठेवणारा चिकट पदार्थ) मऊ पडून कडा फुगू शकते. ओल्या रिमवर कार्बनचा ब्रेक उशिरा पकडतो, आणि गगनबावड्याचा पाऊस कसा असतो हे कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको. शिवाय पुढचं चाक 50 मिमी खोल असलं की घाटातला आडवा वारा थेट हँडलला हिसका देतो.

आता वजनाचं बघू, कारण चढासाठी हलकी चाकं हवीत असं सगळेच म्हणतात. तुम्ही आणि सायकल मिळून साधारण 91 किलो. नवीन चाकं अर्धा किलोनं हलकी घेतली, तर एकूण वजन अर्ध्या टक्क्याच्या आसपास घटतं. म्हणजे अर्ध्या तासाच्या चढाला फार तर दहा सेकंद वाचतील. फिरणारं वजन दुप्पट धरायचं असतं ते वेग वाढवताना. वाघबिळापासून एकाच लयीत वर चढताना त्याचा काही फरक पडत नाही. त्यामुळे दोन-तीनशे ग्रॅमसाठी कमी स्पोकचं चाक घेऊ नका.

खरा प्रश्न आहे तो चाक बिघडल्यावर काय, हा. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांनी उखडलेला रस्ता, पावसाळ्यात खडी आणि चिखल. एखादा स्पोक कधी ना कधी तुटणार, हे धरूनच चाक निवडा. मागे 28 किंवा 32 स्पोक, पुढे 24 चालतील. स्पोक साधे, हबजवळ वाकवलेले असावेत. काही कंपन्यांच्या तयार चाकांचे सरळ, चपटे स्पोक त्यांच्याकडूनच मागवावे लागतात आणि तोवर सायकल भिंतीला टेकून राहते. निपल (स्पोक रिमला आवळणारे छोटे नट) पितळी घ्या. अ‍ॅल्युमिनियमचे आपल्या पावसात गंजून रिमला धरतात, मग आउट काढायला, म्हणजे चाक सरळ करायला गेलं की तुटतात.

हबमध्ये दोन प्रकार. शिमानोचे कप-कोनचे (सुटे छर्रे वाटीत फिरतात असे) हब उत्तम असतात, पण वेळच्या वेळी उघडून छर्रे साफ करून ग्रीस भरायला हवं. ते दुर्लक्षिलं तर कपावर खड्डे पडतात आणि मग अख्खा हब बदलावा लागतो. सीलबंद बेअरिंगच्या हबला ही भानगड नाही. बेअरिंगवर नंबर असतो, 6902 किंवा तसाच काहीतरी. तो घेऊन उद्यमनगरात बेअरिंगच्या दुकानात गेलं की काम होतं. ज्या गावात कारखानदारांना रोज बेअरिंग लागतात, तिथे याचा फायदा का घेऊ नये? मी तरी सीलबंदच सुचवेन.

मापं नीट तपासा. रिम ब्रेकच्या रोड बाईकला मागचा हब 130 मिमीचा लागतो. डिस्कचा 142 वाला बसणार नाही. फ्रीहब (मागच्या हबचा, ज्यावर कॅसेट म्हणजे दातेरी चकत्यांचा संच बसतो तो भाग) 11 स्पीडचा असू द्या. उद्या 10 स्पीडची कॅसेट लावायची झाली तर 1.85 मिमीचा वॉशर टाकून बसते. रिमची आतली रुंदी 18-19 मिमी, त्यावर 28 मिमीचा टायर, फ्रेममध्ये आणि ब्रेकखाली जागा असेल तर. नसेल तर 25. हुकलेस रिम (टायर धरून ठेवायला आतल्या कडेला आकडा नसलेली) टाळा, कारण तिथे 5 बारच्या वर, म्हणजे साधारण 72 पीएसआयच्या वर हवा भरता येत नाही. तुमच्या वजनाला 25 च्या टायरमध्ये तेवढी हवा कमीच पडते.

मी तुमच्या जागी असतो तर डीटी स्विसची आर 460 किंवा त्या तोडीची रिम, सीलबंद हब आणि मधे 1.8 मिमी बारीक केलेले स्पोक घेऊन चांगल्या मिस्त्रीकडून चाक बांधून घेतलं असतं. ब्रेकनं रिमची कड झिजली की त्याच हबवर नवी रिम चढवता येते. रिमवर झीज दाखवणारी खाच किंवा ठिपका असतो. तो दिसेनासा झाला की रिम संपली समजा.

चाक ताब्यात घेताना मागच्या चाकाच्या कॅसेटच्या बाजूचे स्पोक बोटानं एकेक छेडून बघा. सगळ्यांचा सूर जवळजवळ सारखा यायला हवा. एखादा मंद वाजला तर तो ढिला आहे; तिथेच उभं राहून ताणून घ्या. दुसऱ्या बाजूचा सूर खालचा येईल, ते बरोबर आहे. पहिल्या दीड-दोनशे किलोमीटरनंतर स्पोक जागेवर बसतात, तेव्हा पुन्हा एकदा आउट काढून घ्या. बजेटमधले उरतील ते पैसे टायरवर घाला, चांगल्या टायरचा फरक तुम्हाला रिमपेक्षा आधी जाणवेल.